कचेरीच्या दारातला पुकारा

देवखोरी संस्थानात एक रीत होती. तारखेच्या दिवशी चोपदार कचेरीच्या दारात उभा राहून पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करी. ओ आली नाही, तर तो माणूस फरारी ठरे. मग त्याला गावाबाहेर काढत आणि कोणी विस्तव-पाणीही देत नसे.

विहिरीच्या तंट्यात सगुणा कोष्टीण अशीच फरारी ठरली. सुजलेल्या गुडघ्यांनी घाट उतरून ती पोचली, तोवर पुकारा होऊन गेला होता. ती उंबऱ्याशीच बसली.

न्यायाधीश अप्पाजीपंत गरजले, "ओ दिली नाही म्हणजे फरारी! कायदा सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांना ना? मग बरं झालं," सगुणा दमल्या आवाजात म्हणाली. "मागच्या प्रत्येक तारखेला मी वेळेवर आले होते, सरकार. कधी तुमची जेवणावळ, कधी वामकुक्षी. गेल्या खेपेला कंटाळून मीच या दारात तुमच्या नावाचा तीनदा पुकारा केला. हे चोपदार साक्षीला होते. विचारा, ओ आली का?"

चोपदार मान खाली घालून म्हणाला, "नाही आली, सरकार."

"चला तर," सगुणा गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. "गावाबाहेर आता दोघांनीच राहायचंय. विस्तव कोणी देणार नाही, चकमक तेवढी बरोबर घ्या."

पंतांनी घसा खाकरला आणि पुन्हा पुकारा करायला सांगितलं. चोपदाराने सगुणेचं नाव घेतलं.

"ओ," सगुणा म्हणाली. "आता पंतांच्याही नावाचा कर, बाबा. आज जागे आहेत, तोवर उरकून घे."