थांबलेलं आमेन

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावातल्या एका बापाला दोन मुलगे होते. तुम्ही म्हणाल, ही तर शुभवर्तमानातली गोष्ट, उधळ्या पुत्राचा दाखला. होय, आहे तशीच. पण त्या घरातही हा दाखला सगळ्यांना पाठ होता, म्हणून तर पुढचं सारं अवघड झालं.

धाकटा पहिल्यापासून उतावळा. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना थोरल्या मुलानं म्हणायची, अशी रीत आईनं घालून दिली होती. आई गेली, तरी रीत कुणी मोडली नाही. थोरला प्रार्थना म्हणायचा ती सावकाश, पावसापासून गुरांपर्यंत सगळ्यांची आठवण काढत. धाकटा एक डोळा भाकरीवर ठेवून मधेच "आमेन" म्हणून टाकायचा, की लगेच घास तोंडात. आई होती तोवर ती हसायची. थोरल्याची प्रार्थना तशीच अर्धी राहायची.

मोठा झाला तरी धाकट्याला दम नव्हताच. "आबा, माझा वाटा आत्ताच द्या," म्हणाला. बापानं ओढ्याकाठचं शेत दिलं. त्यानं ते विकलं आणि शहर गाठलं. तेव्हापासून थोरला ओढ्याकडं बघत नसे. बैल मात्र सवयीनं तिकडंच वळायचे. रोज त्यांना ओढून परत फिरवताना त्याचा जीव चडफडायचा.

बरीच वर्षं गेली. एके दिवशी थोरला शेतातून घरी येतो, तर अंगणात मसाल्याचा वास.

"आत्या, आज कोणता सण?" त्यानं विचारलं. घरचा स्वयंपाक आत्याच बघायची.

"धाकटा आलाय रे! नुसती हाडं उरलीत. पाय धू, ताटं वाढलीत."

"माझा कोंबडा कापलात?"

"मग काय भेंडी घालू त्याला?"

"मी राबराब राबतो, माझ्यासाठी कधी कापलात का?"

"नाताळात तंगडी कुणी खाल्ली रे?"

"तो वेगळा कोंबडा होता," थोरला म्हणाला आणि अंगणातच उभा राहिला.

उभा तरी कसला! त्यानं बांधलेले बैल सोडून पुन्हा बांधले. गुरांच्या भरलेल्या डोणीत पाणी ओतलं. ओट्यावर बसला, लगेच उठला. दारापर्यंत गेला, उंबऱ्यावरून मागं फिरला.

बाप बाहेर आला. "चल लेका, आत चल."

"आबा, पुढचं मला ठाऊक आहे. आता तुम्ही दाखल्यातल्या बापासारखं मला समजावणार."

"मला तसं कुठं बोलता येतं?"

"मग एवढं तरी सांगा. दाखल्यातला थोरलाही असाच रुसून बाहेर उभा राहतो, त्याचं पुढं काय झालं? तो आत गेला का?"

"ते प्रभूनं सांगितलं नाही. गोष्ट दारातच थांबते."

"का थांबते?"

बापानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मलाही ते टोचतं रे. आधी वाटायचं, सांगायचं राहून गेलं असेल. आता वाटतं, मुद्दामच अर्धं ठेवलंय. बापानं हाक मारायची. पाय ज्याचे त्यानंच उचलायचे." आणि तो तिथंच ओट्यावर बसला. "धाकट्याची वाट पाहिली. आता तुझी पाहतो."

थोरला पुन्हा फेऱ्या घालू लागला. तेवढ्यात आतून आत्या ओरडली, "अरे, रस्सा गार झाला! आणि हा पोरगा भाकरीला हात लावेना!"

"का? कुणी अडवलंय त्याला?" थोरला फणकारला.

"म्हणतो, दादानं अजून प्रार्थना म्हटली नाही!"

थोरल्याचे पाय थांबले. त्यानं दारातून डोकावलं. धाकटा ताटापुढं मांडी घालून, डोळे मिटून, हात जोडून बसला होता. गालफडं आत गेलेली. रश्श्याचा वास आला की गळ्याची घाटी वरखाली व्हायची, पण डोळा उघडत नव्हता. वाट बघवली नाही म्हणून ज्यानं वाटा मागितला, तोच आज वाट बघत बसला होता. तीही थोरल्याची.

थोरल्यानं पाय धुतले. राग गेला नव्हता, पाय धुतानाही तो पुटपुटतच होता. मग आत येऊन भावाकडं न बघता तो ताटावर बसला. बापही मागोमाग आला.

प्रार्थना सुरू झाली. पाऊस झाला, बैल झाले, आत्याचे हात झाले, आईची आठवण झाली. मग ओढ्याकाठच्या शेतापाशी थोरल्याचा आवाज अडला. पूर्वी इथवर केव्हाच "आमेन" ऐकू आलं असतं. आज आलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, ताटं भरलेली.

थोरल्यानं एक डोळा उघडला.

"अरे, म्हण की."

"तुझी संपली नाही, दादा."

"नाहीच संपली. पण तू मधे तोडल्याशिवाय मला थांबायची सवयच नाही राहिली. म्हण."

"आमेन," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं आपल्या ताटातली तंगडी उचलली, त्याच्या ताटात टाकली आणि म्हणाला, "आता खा. उगाच बघत बसू नको."

तात्पर्य: परत आलेल्याला बाप घरात घेतो, पण भाऊ पंगतीला बसल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून रुसून अंगणात उभे असाल, तर आत कुणाचं ताट थांबलंय, ते एकदा डोकावून बघावं.