सरसेनापतींची माघार

एका राज्यात भुजंगराव नावाचे सरसेनापती होते. त्या राज्याची रीत अशी, की फौजेला "माघारी फिरा" म्हणण्याचा अधिकार एकट्या सरसेनापतींचा. खुद्द महाराजांनी ओरडून घसा बसवला, तरी एक शिपाई मान वळवायचा नाही. भुजंगरावांनी तर हा हुकूम उभ्या आयुष्यात दिला नव्हता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

एकदा शेजारचा राजा चालून आला, म्हणून फौज निघाली. वाटेत जोगूबाई चेटकिणीने कुरडया वाळत घातल्या होत्या. तिने हात जोडून विनवले, की घोडा दोन पावले मागे घ्यावा, तेवढ्यात मी कुरडया उचलते. भुजंगराव मिशीवर ताव देत म्हणाले, "सरसेनापती मागे सरत नसतो."

सगळी फौज कुरडयांवरून गेली. जोगूबाईने चुरा पदरात भरला आणि ती म्हणाली, "बरं तर. आता तो हुकूम तुझ्या तोंडून निघायचाच नाही."

शत्रू एवढी फौज बघूनच पळाला. लढाई झालीच नाही. आता घरी जायचे, म्हणून भुजंगरावांनी तोंड उघडले, तर बाहेर पडले, "पुढे चला!" पुन्हा उघडले, पुन्हा तेच. फौज शत्रूच्या राजधानीत एका वेशीतून शिरली आणि दुसऱ्या वेशीतून बाहेर पडली. तिथल्या लोकांनी आधी दारे लावली, मग कीव येऊन भाकऱ्या दिल्या. चालता चालता शेवटी समुद्र आला. हुकूम पुढचाच होता, तेव्हा फौज गुडघाभर पाण्यात शिरली. घरी बायकापोरे वाट बघत होती आणि इथे पुढे नुसते पाणी.

फौजेत एक शहाणी साळुंकी होती. ती उडाली आणि जोगूबाईला घेऊन आली. जोगूबाईने आपले उडते सूप लाटांवर टेकवले आणि सांगितले, की तीनदा माघार घे, मग जीभ सुटेल.

तेवढ्यात एक कासव आडवे आले आणि म्हणाले, "आधी मी." भुजंगरावांनी दातओठ खात घोडा मागे घेतला. फौज मात्र चालतच होती, पाणी शिपायांच्या कमरेला लागले. शेजारी उपसेनापती कोंडाजी होते. एका जुन्या शर्यतीत घोडा कुणाचा पुढे होता, यावर दोघांचा जन्माचा वाद. भुजंगराव पुटपुटले, की तुमचाच. कोंडाजींनी ऐकू न आल्याचे सोंग केले, म्हणून मोठ्याने सांगावे लागले. पाणी गळ्याशी आले.

तिसरी माघार जोगूबाईपुढे, साऱ्या फौजेदेखत. त्यापेक्षा बुडणे भुजंगरावांना सोपे वाटले. त्यांनी मागे पाहिले. एक बुटका शिपाई चवड्यांवर चालत कसेबसे नाक वर ठेवत होता, पण हुकूम मोडत नव्हता. भुजंगराव घोड्यावरून उतरले, दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "बाई, मी चुकलो." आणि त्याच दमात, "माघारी फिरा!"

फौज जागच्या जागी वळली. त्यामुळे शेवटचे पहिले झाले. आपल्या राजधानीत सर्वांआधी शिरला तो फौजेचा लठ्ठ आचारी. लोकांनी त्यालाच हार घातले, हत्तीवर बसवले आणि विजयी वीर म्हणून मिरवले. त्यानेही नाही म्हटले नाही.

भुजंगराव आले ते सगळ्यांच्या शेवटी, धुळीने माखून.

महाराजांनी विचारले, "सरसेनापती, आपण इतक्या मागे?"

"होय महाराज," भुजंगराव म्हणाले, "माझ्यामागे आता कुणी राहिलेले नाही."