नकार देता न येणारा आवाज

एकदा एका मेटल बँडने आपला अखेरचा अल्बम पुरा करायला घेतला. त्यांचे संगीत ऐकायला सोपे नव्हते. गिटारी गर्जत, ताल सात मात्रांवरून अकरावर उडी घेई आणि एकेक गाणे वीस मिनिटे चाले. लोक त्याला गोंगाट म्हणत, म्हणोत बापडे. त्या गोंगाटाच्या मधोमध तेजल नावाच्या गायिकेचा आवाज गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ उतरत असे.

सहापैकी पाच गाणी तिने गायली आणि तापाचे निमित्त होऊन ती गेली. त्याला आठ महिने झाले होते. सहावे गाणे आवाजावाचून पडून होते.

गिटार वाजवणाऱ्या पुष्करने त्यावर तोड काढली. तिची जुनी ध्वनिमुद्रणे त्याने संगणकाला दिली आणि यंत्र तिचा आवाज शिकले. शब्द लिहावेत, की तेजल गाऊ लागे. ड्रम वाजवणाऱ्याने ते एकदाच ऐकले, काठ्या खाली ठेवल्या आणि सरळ घर गाठले.

तेव्हा पुष्करने अक्कांना बोलावले. अक्का म्हणजे ध्वनिमुद्रणातली वृद्ध जाणकार बाई. पुष्करला ऐकायला शिकवले ते त्यांनीच. स्टुडिओ द्राक्षांच्या जुन्या शीतगृहात होता. बाहेर चैत्राची भर दुपार, आणि आत खांदे आखडावेत असा गारवा.

काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत दिवा जळत होता. माइक तेजलच्या उंचीला लावलेला होता.

“तिथं कोण आहे रे?” अक्कांनी विचारले.

“कोणी नाही. दिवा असला की बरं वाटतं.”

गाणे सुरू झाले. आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होता, तरी दोघेही काचेकडेच पाहत होते.

“श्वास कुठं घेते ही?”

“तोही घालता येतो, अक्का. हवा तिथं.”

“हवा तिथं!” अक्का पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “तुमचं ज्या ओळीवरून वाजलं ना, ती लिही आता.”

पुष्करचा चेहरा उतरला. याच गाण्यात त्याने एक ओळ लिहिली होती: ‘तुझ्यावाचून मी रिकामी, मी तुझीच सावली.’ तेजल भडकली होती. “मी कुणाची सावली-बिवली नाही. हे मी गाणार नाही.” तोही तडकून बोलून गेला होता, “नसेल गायचं तर चालती हो.” ती गेली. नवव्या दिवशी तापाने फणफणली. दोघांचे तेच शेवटचे बोलणे ठरले.

“नको, अक्का.”

“लिही म्हणते ना!”

त्याने लिहिली. आवाजाने ती ओळ अकरा मात्रांत नेमकी बसवून, जराही न अडखळता, गोड गायली. 

“बघ, किती गुणी झाली पोरगी,” अक्का कोरडेपणाने म्हणाल्या. “आणि इतके महिने इथं एकटा बसून नुसतं गाणंच लिहीत होतास?”

पुष्करने एक कळ दाबली. पडद्यावर एकच वाक्य एकाखाली एक, रोजच्या हजेरीसारखे लिहिलेले होते. सूर नसलेला तेजलचा आवाज थंड खोलीत बोलला, “पुष्कर, मी तुला माफ केलं.”

“पुष्कर?” अक्का म्हणाल्या. “ती तर तुला पुष्क्या म्हणायची.”

“हां, ते दुरुस्त करतो,” म्हणत त्याने कळांकडे हात नेला. आणि तो हात तसाच अधांतरी राहिला.

अक्का जवळ आल्या. “कर की दुरुस्त. तेही म्हणेल ती. तू सांगशील ते म्हणेल. अरे, तेजल कधी तुझं निमूट ऐकून गायली होती का? तुझा हट्ट आणि तिचा नकार, या दोहोंच्या ताणावर तुमची गाणी उभी होती. जिला नाही म्हणताच येत नाही, तिच्या होकाराला अर्थ कुठला? तू इथं स्वतःशीच बोलतोयस, बाबा, तिचं तोंड लावून. क्षमा मागायची तर नाकारू शकेल अशा माणसासमोर उभं राहून माग.”

पुष्करने यंत्र बंद केले, आणि उठून काचेपलीकडचा दिवाही मालवला.

सहावे गाणे नुसत्या वाद्यांचे निघाले. पण त्याआधी पुष्कर तेजलच्या आईकडे गेला.

“काकू, मी तिला हाकललं होतं. शेवटचं बोललो ते तेच.”

काकूंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. “ठाऊक आहे. घरी येऊन तिनं सांगितलं होतं. रडली होती.”

“मला माफ…”

“ते आज नाही जमायचं मला,” काकू म्हणाल्या. “बस. चहा टाकते.”

तो बसला. डोळे भरून आले, पण छातीवरचे ओझे किंचित हलले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कोणीतरी उत्तर दिले होते.