घरापर्यंतची सोबत

“तुमची दारूची वढ कवा गेली, मास्तर?”

सभा संपली होती. शाळेच्या वर्गातली सतरंजी गुंडाळून मंडळी आपापल्या वाटेला लागली होती. दस्तगीर मास्तर कपबश्या विसळत होते. रायगोंडा पैलवान दाराशी उभा होता, धड आत नाही, धड बाहेर नाही.

मास्तरांनी पुढची कपबशी उचलली.

दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं रोज दिवेलागणीला त्या वर्गात जमत. एकेकाने आपलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं आणि मनातलं बोलायचं. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, अशी तिथली रीत. मास्तरांनी बाटली सोडली त्याला एक पिढी लोटली होती. तरी ते सभा चुकवत नसत.

रायगोंडा आठवडाभर येत होता. चहा प्यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि मुकाट उठून जायचा. ज्याची पाठ कुठल्या मैदानात मातीला लागली नाही, त्याने चारचौघांत मी हरलो म्हणायचं? जीभ रेटत नव्हती. गावाने डोक्यावर घेऊन नाचवलेला माणूस तो. त्याच गावाने त्याला पुढे गटारातूनही उचललं होतं, पण ते तो विसरायचा.

बायको कलाव्वा माहेरी निघून गेली होती. भांडली नाही, रडली नाही. “शुद्धीवर असला तर न्यायला या,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरात चूल पेटली नव्हती. संध्याकाळी शेजारून भाकऱ्या थापल्याचा आवाज आला की कलाव्वाची आठवण यायची आणि तिच्या पाठोपाठ दारूचीही यायची. दोन्हींपायी जीव नुसता कासावीस व्हायचा.

“मला डाव सांगा,” तो म्हणाला. “हर डावाला तोड असती. दारूची तोड सांगा. मग मी एकटा बगून घेतो तिला.”

“डाव नाही माझ्याकडे.”

“मग तुमी कशी सोडली?”

मास्तरांनी हात पुसले. खिडक्या लावल्या. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “मला घरापर्यंत सोडतोस?”

“का? बरं वाटंना व्हय?”

“आज प्यावीशी वाटतेय.”



“एवढ्या वर्सांनी?”

“हो.”

त्याला रागच आला. ज्याला गुरू करायला निघालो त्याचीच ही गत, मग आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तिथल्या तिथे पाठ फिरवावी असं त्याच्या मनात आलं. पण मास्तरांनी त्याचा दंड धरला होता आणि तो सोडत नव्हते.

“चला,” रायगोंडा म्हणाला.

मास्तरांच्या घरी जायची वाट एकच, आणि त्या वाटेवर देशी दारूचं दुकान. तो आंबूस वास लांबूनच आला. एरवी तिथे रायगोंडाचे पाय आपोआप वळायचे. आज त्याने मास्तरांना पलीकडच्या बाजूला घेतलं आणि आपलं आडदांड अंग दुकानाकडे घातलं.

“या की, पैलवान,” आतून कुणीतरी हाक मारली.

रायगोंडाने मान वळवली नाही. मास्तरांचा हात त्याने काखेत घट्ट दाबून धरला होता आणि त्यांची पावलं खड्ड्यात पडू नयेत म्हणून तो खाली बघून चालत होता. दुकान केव्हा मागे पडलं ते त्याला कळलंही नाही.

मास्तरांच्या दारात दिवा होता. आत त्यांची बीबी, जुबेदाबी, भाकऱ्या करत होती.

“आलात?” तिने आतूनच विचारलं.

त्या एका शब्दाने रायगोंडाला भडभडून आलं. आपल्यालाही घरात शिरताना असं कुणी विचारावं, याहून जास्त काही त्याला नको होतं.

मास्तरांनी चपला काढल्या. “उद्या ये,” म्हणाले.

रायगोंडा वळला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. वाट तीच होती. दुकान तेच होतं. त्याच्या पलीकडे अंधारं घर.  

मग माघारी आला. दार अजून उघडंच होतं आणि मास्तर उंबऱ्यावर बसले होते.

“मास्तर...”

“बोल.”

“मलाबी प्यावीशी वाटाय लागलीया.”



आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्याने. मान खाली घालून तो म्हणाला, “मला... घरापातूर सोडाय येता?”

मास्तर उठले. पुन्हा चपला पायात सरकवल्या. जुबेदाबीने विचारलं नाही की कुठे निघालात. तिने भाकरी तव्यावरून उतरवून झाकून ठेवली.

दोघे कोपऱ्यापर्यंत आले. दुकानाचा दिवा दिसू लागला. मास्तरांनी या खेपेला त्याला पलीकडच्या बाजूला घेतलं. तेवढ्यात रायगोंडा थबकला.

“पर मास्तर, मला सोडल्यावर तुमी माघारी एकलं कसं येणार?”

“तू आहेस की.”