रंगराव तोडकरांचा पंप

नदीच्या वळणावर एक गाव होते, आणि त्या गावात रंगराव तोडकर नावाचे एक कंत्राटदार राहत होते. गाव उसाचे. नदीवर ज्याचा पंप मोठा तो माणूस मोठा, असा तिथला साधा हिशेब. तीन हॉर्सपॉवरवाला ग्रामपंचायतीत बाकावर बसे, साडेसातवाला खुर्चीवर. ज्याचा पंपच नाही तो उभा राही, आणि त्याला कोणी काही विचारत नसे.

रंगरावांनी पेठेत दुकानांची इमारत बांधायला घेतली. गावात आजवर कोणी तळघर काढले नव्हते, म्हणून त्यांनी तळघर काढायचे ठरवले. दुसरे काही कारण नव्हते. पायाभरणीला सभापतींना बोलावले, पत्रिका छापून वाटल्या, आणि मग खड्डा खणायला सुरुवात केली. हा क्रम आपल्याकडे जुनाच आहे.

खड्ड्याला लागून गिरिजाक्काचे घर होते. तिचा नवरा सिदाप्पा जन्मभर दुसऱ्यांची घरे शाकारत फिरला. म्हातारपणी कोणाच्या तरी छपरावरून पडला आणि कायमचा अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो आपल्या घराची कौले बघत राही. ती त्याने स्वतः चढवली होती. आता त्याची एकच मागणी उरली होती. डोळे मिटायचे ते याच कौलांखाली. गिरिजाक्काने त्याला तसा शब्द दिला होता. मागणी काही मोठी नव्हती. गावात बहुतेक लोक आपापल्या घरातच मरत.

नदी जवळ, जमीन वाळूची. पुरुषभर खणल्यावर खड्ड्याला पाणी लागले. रंगरावांनी पहिल्यांदा जे केले ते बरोबर केले. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात आणखी खोल खळगा काढला, त्यात भोके पाडलेले पिंप बसवले, पिंपाला जाळी गुंडाळून भोवती खडी भरली आणि आत एक लहानसा पंप सोडला. पाणी त्या खडीतून गाळले जाऊन पिंपात येई आणि पंप ते बाहेर टाकी. पाणी नितळ होते. खड्डा रोज थोडा थोडा कोरडा होत होता.

पण नितळ पाणी बारीक धारेने पडत होते, आणि ते बघायला सगळी पेठ मोकळी होती. चहाच्या दुकानातून कोणीतरी विचारले, "रंगराव, हा पंप आहे का पिंडीवरचं अभिषेकपात्र?" लोक हसले. रंगरावही हसले. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते तालुक्याच्या बाजारात विरूपाक्ष शेटे यांच्या दुकानात गेले आणि त्यांनी दुकानातला सर्वांत मोठा पंप मागितला. शेटे गप्प बसणारे दुकानदार नव्हते. कशासाठी, किती खोल, जमीन कसली, हे सगळे त्यांनी विचारून घेतले. मग म्हणाले की पंप माणसाच्या वजनावर घेत नाहीत, कामावर घेतात. नदीतून ऊस भिजवायचा तर मोठा पंप चांगलाच, कारण नदी काही कोणाच्या घराखाली नसते. पण वाळूच्या जमिनीत खड्डा घाईने उपसला तर पाण्याबरोबर वाळूही निघते. आणि ती फक्त खड्ड्यातली नसते, आजूबाजूचीही असते.

"पाणी गढूळ आलं की बटण बंद करायचं," शेटे म्हणाले. "मग कितीही घाई असू दे."

रंगराव म्हणाले, की पायाभरणी जवळ आली आहे, सभापती येणार आहेत, आणि गावात त्यांना तोंड दाखवायचे आहे.

"मी सांगायचं काम केलं," शेटे म्हणाले. "आता विकायचं करतो." आणि त्यांनी पंप विकला.

पंप ट्रॅक्टरमधून गावात आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. रंगरावांनी त्याच्यावर तांबड्या रंगाने आपले नाव लिहून घेतले. तो रस्त्यावरून दिसेल असा खड्ड्याच्या काठावर उंच ओट्यावर बसवला. पिंप, जाळी आणि खडी काढून टाकली, कारण त्या एवढ्याशा खळग्यात मोठ्या पंपाचा पाइप मावेना. पाइप सरळ खड्ड्याच्या तळाशी सोडला आणि बटण दाबले.

मांडीएवढी धार सुटली. लोक बघतच राहिले. चहाच्या दुकानात त्या दिवशी कोणी काही बोलले नाही, आणि रंगराव पोटभर जेवले.

पाणी गढूळ होते. गावाला त्यात वावगे काही दिसले नाही. उलट, हा पंप चिखलसुद्धा ओढतो, असे कौतुक झाले. जिथे पाणी नाल्यात पडत होते तिथे बारीक वाळूचा ढीग साचू लागला. आयती, चाळलेली वाळू. लोकांनी ती पाट्या भरभरून नेली. कोणी गोठ्याला गिलावा केला, कोणी देवळाचा कट्टा बांधला. वाळू कुठून येते हे कोणी विचारले नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचे मूळ विचारणे गावात शिष्टाचाराला धरून नव्हते.

गिरिजाक्काच्या घराचे दार लागेना. तिने रंगरावांना सांगितले. दिवस पावसाळ्याचे नव्हते, तरी रंगराव म्हणाले की लाकूड फुगले असेल. खड्ड्यावरचा सुतार त्यांनी आपल्या खर्चाने पाठवला. सुताराने दार रंधून दिले. चार दिवसांनी ते पुन्हा अडकले. सुतार पुन्हा आला, पुन्हा रंधून गेला. रंगराव चौकात सांगत, की शेजारधर्म आम्ही पाळतो. दार रंधून रंधून बारीक झाले. चौकट तिरकी झाली आहे हे सुताराला दिसत होते, पण त्याला दार रंधायला पाठवले होते, चौकट बघायला नव्हे.

सिदाप्पाला मात्र पडल्या जागेवरून वेगळेच दिसत होते. कौलांची ओळ सरकत होती. जिथे कधी कवडसा नव्हता तिथून ऊन आत येत होते. आपण चढवलेली ओळ अशी हलणार नाही, हे त्याने बायकोला पुन्हा पुन्हा सांगितले.

गिरिजाक्का उठली आणि नाल्यावर गेली. पंपाच्या धारेखाली तिने तांब्या धरला. तो भरून तिने रंगरावांच्या खुर्चीसमोर आणून ठेवला आणि स्वतः खाली बसली. रंगराव मांडववाल्याशी बोलत होते. बोलणे संपेपर्यंत तिने वाट पाहिली. मग वरचे पाणी हळूच ओतून दिले. तळाला बोटभर वाळू राहिली.

"रंगा," ती म्हणाली, "ही माझ्या घराखालची आहे."

रंगराव मूर्ख नव्हते. शेटेंचा शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. त्यांनी तांब्याकडे पाहिले, मग पंपाकडे, मग मांडवाच्या खांबांकडे. पंप बंद करणे अवघड नव्हते. लहान पंप अजून आवारात पडला होता, पिंप आणि खडीही तिथेच होती. पायाभरणी पुढे ढकलावी लागली असती, एवढेच. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि चहाचे दुकान समोरच होते.

"आक्का, वाळूवर कुणाचं नाव लिहिलेलं असतंय व्हय?" ते म्हणाले.

"वाळूवर नसतंय. पंपावर लिहिलंय की तुझं."

मांडववाला हसू दाबत दुसरीकडे बघू लागला. रंगरावांनी तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि पायाभरणी झाली की बघू, असे सांगितले. गावात 'बघू' म्हणजे काय, हे गिरिजाक्काला ठाऊक होते.

पायाभरणीच्या सकाळी खड्डा ठणठणीत कोरडा होता. तळाशी रांगोळी काढली होती. कोरडा राहावा म्हणून पंप चालूच होता. त्याच सकाळी सिदाप्पा म्हणाला, की भिंत कुरकुरते आहे. गिरिजाक्काने भिंतीला कान लावला आणि मग वेळ घालवला नाही. तिने मांडवातून चार माणसे बोलावून आणली आणि नवऱ्याची खाट उचलायला लावली. म्हातारा नको नको म्हणत होता. त्याने दाराची चौकट धरून ठेवली. दिलेला शब्द गिरिजाक्काने तिथेच मोडला, आणि त्याची बोटे स्वतःच्या हाताने एकेक करून सोडवली. खाट मारुतीच्या देवळाच्या ओसरीत नेऊन ठेवली.

सभापतींना यायला उशीर झाला. त्यामुळे खड्ड्यात कोणी उतरले नव्हते, आणि सभापतींच्या हातून त्या गावाचे एवढे एकच भले झाले. लोक मांडवात बसलेले असताना गिरिजाक्काचे घर आधी थोडे वाकले, आणि मग निमूटपणे खड्ड्यात उतरले. भिंत, वासे, कौले, चूल, सगळे.

लोक पळाले. रंगराव जागच्या जागी उभे राहिले. धूळ बसली तरी पंप चालूच होता. तो बंद करायचे कोणाला सुचले नाही. शेवटी गिरिजाक्का ओट्यावर चढली आणि तिने बटण बंद केले. मग खड्ड्यात पाणी चढू लागले.

गाव म्हणाले, घर जुनेच होते. आदल्या दिवसापर्यंत कोणाला ते जुने वाटले नव्हते. ज्यांनी वाळू नेली होती त्यांचे हे मत सर्वांत ठाम होते.

सिदाप्पा देवळाच्या ओसरीत पडून राहिला. वर सिमेंटचा स्लॅब होता. मला घरी ने, एवढेच तो बायकोला म्हणे, आणि ती हो म्हणे. नागपंचमीच्या आत तो गेला.

तेरावा झाल्यावर रंगराव ओसरीत आले. या दिवसांत ते वाळले होते. सभापतींना त्यांनी पुन्हा बोलावले नव्हते, आणि चहाच्या दुकानासमोरून ते आता मान खाली घालून जात. ते गिरिजाक्काच्या पायांशी बसले.

"आक्का, घर बांधून देतो," ते म्हणाले. "होतं त्याहून मोठं देतो."

"कुठं?" गिरिजाक्काने विचारले.

रंगरावांनी पेठेच्या दिशेने हात उचलला. अर्ध्यावरच तो त्यांनी खाली घेतला.

तात्पर्य: कामाला पुरेल तेवढेच बळ लावावे, आणि त्या बळाने शेजाऱ्याचेही काही ओढले जात आहे असे दिसले की लोक काय म्हणतील याची पर्वा न करता तिथेच थांबावे; नंतरचा पश्चात्ताप कितीही खरा असला, तरी वाहून गेलेली जमीन तो परत आणत नाही.