ओढ्यापलीकडचे ससे

खूप जुनी गोष्ट. एका रानात साळू नावाची साळिंदर आजाऱ्यांना औषधी पाला द्यायची. एकदा रानात खोकल्याची साथ आली. कोरड्या ओढ्यापलीकडच्या सशांकडून मात्र काहीच निरोप येईना. "म्हणजे तिकडे सगळं बरं आहे," असं सगळे म्हणू लागले.

साळूला चैन पडेना. ती स्वतःच पलीकडे गेली. बिळाच्या तोंडाशी सशीण उभी होती.

"आमच्यात कोणी आजारी नाही, मावशी," ती घाईने म्हणाली. तेवढ्यात आतून पिल्लू खोकलं आणि तिला रडू फुटलं.

"मागच्या साथीत आम्ही खरं सांगितलं, तर सगळ्यांनी आम्हाला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. माझं थोरलं तहानेनं गेलं, मावशी."

साळूने काटे अंगाशी मिटले, पिल्लाजवळ बसून त्याला पाल्याचा रस चाटवला. मग विचारलं, "पाणी इथे आणवते. आता सांगू का सगळ्यांना?"

सशिणीने होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी हत्तीण सोंडेत पाणी भरून ओढा ओलांडून आली. ते रानभर कळलं. सकाळीच टेकडीमागच्या भेकरांचा निरोप आला, "आमचीही पिल्लं खोकताहेत. मावशी, येता का?"