बिनचिंचेचा घास

शेवरेवाडीत पाणजाईच्या देवळासमोर मार्गशीर्षात गावजेवण असतं. त्या दिवशी पानं वाढली तरी कुणी घास घेत नाही. आधी गावातल्या सासवा चुलीपाशी उभ्या राहतात आणि सुना त्यांना विचारतात. भाकरी का चिरते, पुरणाची डाळ किती शिजवायची, नवा बिडाचा तवा चिकटतो तर काय करायचं. सासूनं खरं तेच सांगायचं, आणि "एवढंही येत नाही का" असं म्हणायचं नाही. पाहुण्यांना याचं हसू येतं. मग गुरवकाकू त्यांना जवळ बसवून घेतात आणि सांगतात, ते असं.

फार पूर्वी म्हणे नैवेद्याच्या सुरणाच्या भाजीचा मान जनाक्काच्या घरी होता. वीस वर्षं पळी तिच्याच हातात. मग सून आली, भिवरा, घाटावरची. तिला मुलगा झाला आणि देवीनं कौल दिला की यंदा भाजी लेकुरवाळीनं करावी. जनाक्कानं पळी तिच्यापुढे टाकली.

भिवराच्या माहेरी सुरण कुणी पाहिलासुद्धा नव्हता. तिनं विळी पुढ्यात घेतली आणि विचारलं, "आत्याबाई, हाताला काही लावायचं का? आणि हा शिजवायचा कशात?"

"पाण्यात. तुमच्या घाटावर भाजी दुधात शिजवतात काय गो?"

शेजारच्या बायका हसल्या. भिवरानं पुन्हा विचारलं नाही. तिथंच चुकलं तिचं, असं सांगतात.

हाताला तेल नाही, भाजीत चिंच नाही. कापतानाच हात खाजून लाल झाले, तरी लाजेनं तिनं ते पदराखाली लपवले. नैवेद्य झाला, पंगत बसली आणि पहिल्याच घासाला सगळ्या गावाच्या घशाला खाज सुटली. देवीचा नैवेद्य नासवला म्हणून भिवराला वेशीबाहेर काढलं. नवरा होता, पण आईपुढे त्याचं तोंड उघडलं नाही. सात महिन्यांचं लेकरू जनाक्कानं तिच्या हातून ओढून घेतलं.

"अंगावरचं पितंय हो ते," एवढंच भिवरा म्हणत राहिली.

"गाईचं पाजीन," जनाक्का म्हणाली.

वेशीवर गावाचं एकुलतं एक चिंचेचं झाड. भिवरा त्याच्या बुडाशी बसली. दूध दाटून छाती दगडासारखी झाली. ते दूध तिनं मुळांवर पिळलं आणि म्हणाली, "जिनं मला सांगितलं नाही, ती सगळ्यांसमोर तसलाच सुरण खात घासागणिक सांगेल, तेव्हाच या झाडाला चिंच धरेल." त्या साली झाड आकड्यांनी लगडलं, पण फोडावं तर आत नुसती धूळ.

पुढचा मार्गशीर्ष आला. घराघरांतली साठवणीची चिंच संपलेली, आणि पाणजाईला दुसरं आंबट चालत नाही. गाव हात जोडून वेशीवर आलं; भिवरा वर्षभर त्याच झाडाखाली खोपटं करून राहिली होती. भिवरा म्हणाली, "तिला आणा. पोराला घेऊन ये म्हणावं. सुरण मी शिजवते."

नुसत्या पाण्यात शिजवलेला सुरण तिनं पत्रावळीवर वाढला. जनाक्कानं पहिला घास गिळला आणि म्हणाली, "हाताला तेल लावायचं." दुसऱ्या घासाला, "चिंचेच्या पाण्यात उकळायचा." डोळ्यांतून पाणी येत होतं, घसा बसत चालला होता.

"पुरे गो आता," गुरव म्हणाला.

भिवरानं तिसरा घास पुढे केला. "ते पाणी ओतून द्यायचं," जनाक्का म्हणाली. त्यानंतर तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

भिवरानं पोर उचललं. ते आता दीड वर्षाच्या वर होतं, आईला ओळखत नव्हतं. रडून रडून आजीकडे हात करत होतं. जनाक्कानं हाक मारायला तोंड उघडलं, पण आतून काही आलंच नाही. भिवरानं पोर दिलं नाही. तीन दिवस ते रडत होतं म्हणे, आणि तीनही दिवस तिनं त्याला आजीकडे नेलं नाही. त्या साली झाडाला चिंच धरली.

आजही शेवरेवाडीत बिनचिंचेचा पहिला घास सासूच खाते आणि सुरण कसा करायचा ते मोठ्यानं सांगते. तिचं सांगून होईपर्यंत नातवंड तिच्या कडेवर देत नाहीत, मग ते कितीही रडो.